बंदरावरची मोजणी, संगणकावरचे गणित

मासेमारीच्या आकडेवारीचे विश्लेषण शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून निवडलेले हे प्रश्न. उत्तरांत जिथे वाढीचे, मर्त्यतेचे किंवा पकडीचे आकडे आहेत, ते हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. कोणत्याही प्रत्यक्ष साठ्याचे ते मूल्यमापन नव्हे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात मत्स्यव्यवसाय अधिकारी आणि अध्यापकांसाठी दहा दिवसांचे विश्लेषण प्रशिक्षण घ्यायचे आहे. पंचवीस जण येतील. याआधीच्या प्रशिक्षणात सॉफ्टवेअर छान दाखवले गेले, प्रमाणपत्रेही मिळाली, पण परत गेल्यावर कोणी ते उघडलेसुद्धा नाही. या वेळी आखणी कशी करावी?
– प्राध्यापक, रत्नागिरी

पहिल्या दिवशी संगणक उघडूच नका. पाच-पाच जणांचे गट करा आणि पहाटे मिरकरवाडा बंदरावर न्या. प्रत्येक गटाकडे मोजपट्टीची फळी, ताणकाटा, जलरोधक कागद आणि पेन्सिल असावी. एकच जात ठरवून द्या, बांगडा चालेल. कोणत्या नौकेवरून, कोणत्या टोपलीतून, किती मासे घ्यायचे हे मात्र सांगू नका, ते गटांना ठरवू द्या. दुपारी पाचही गटांच्या लांबीचे आलेख शेजारीशेजारी लावा. एकाच सकाळच्या एकाच बंदरातल्या बांगड्याचे पाच वेगवेगळे आलेख दिसतील. एका गटाने वरवरचे मोठे मासे उचललेले असतात, एकाने आधीच प्रतवारी झालेल्या क्रेटमधून घेतलेले असतात, एकाने शेपटीच्या खाचेपर्यंत मोजलेले असते आणि दुसऱ्याने टोकापर्यंत. पुढच्या नऊ दिवसांत जे शिकवायचे आहे त्याची गरज यातून आपोआप पटते.

दुसरा दिवस नोंदी संगणकात भरण्याचा आणि एकमेकांच्या चुका शोधण्याचा. तिसरा आणि चौथा ‘आर’ या सांख्यिकीच्या संगणकभाषेची ओळख करून देण्याचा, पण पाठ्यपुस्तकातल्या फुलांच्या पाकळ्यांवर नव्हे तर स्वतः मोजलेल्या बांगड्यांवर. फाइल वाचणे, गाळणे, गट करणे, आलेख काढणे आणि लांबी-वजनाचे नाते बसवणे एवढेच. पाचव्या दिवशी नमुना पद्धत आणि नमुन्यावरून पूर्ण पकडीचा हिशेब, सहाव्या-सातव्या दिवशी वाढ आणि मर्त्यता, आठव्या दिवशी पकडीचा दर, म्हणजे ठरावीक श्रमांमागे मिळालेली पकड. नववा दिवस पूर्णपणे प्रशिक्षणार्थींच्या स्वतःच्या आकडेवारीला द्या. प्रवेश देतानाच प्रत्येकाला आपल्या कार्यालयातली किंवा प्रबंधातली एक फाइल आणायला सांगा. ज्याने फाइल आणली नाही तो परत गेल्यावर काय उघडणार? दहाव्या दिवशी प्रत्येक गटाने मच्छीमार सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना समजेल असे एक पान मराठीत लिहावे आणि वाचून दाखवावे.

सहाव्या दिवसाबद्दल थोडे अधिक, कारण सारे प्रशिक्षण त्यावर तोलले जाते. वाढीची पद्धत खऱ्या आकडेवारीवर शिकवली तर उत्तर बरोबर आले की चूक, हे कोणालाच ठरवता येत नाही. म्हणून आधी कृत्रिम साठा द्या. प्रशिक्षकाने संगणकात एक मासा घडवायचा : त्याची कमाल सरासरी लांबी, म्हणजे एल-इन्फिनिटी ३६ सेंमी, वाढीचा वेग के ०.८, मर्त्यता अमुक, जन्म अमुक महिन्यात. त्यातून दर महिन्याचे लांबीचे नमुने काढून वर्गाला द्यायचे आणि खरे आकडे पाकिटात बंद ठेवायचे. ‘ट्रॉपफिशआर’ या पॅकेजमध्ये असे कृत्रिम संच आयतेही मिळतात. वर्गाने उत्तर काढल्यावर पाकीट उघडा. मग त्याच संचात मुद्दाम बिघाड करा : जून-जुलै काढून टाका, १५ सेंमीखालचे निम्मे मासे वगळा, एका महिन्याची तारीख चुकवा, आणि पुन्हा उत्तर काढायला लावा. कोणत्या बिघाडाने उत्तर थोडे हलते आणि कोणत्याने पूर्ण कोसळते, हे हाताने करून पाहिलेला माणूस पुढे आपल्या अहवालाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

आता व्यवस्था. पंचवीस लॅपटॉप एकाच वेळी सभागृहातल्या वायफायवरून पॅकेजे उतरवू लागले की पहिला अर्धा दिवस वाया जातो. ‘आर’ची एकच आवृत्ती ठरवा, आवश्यक पॅकेजे त्याच आवृत्तीसाठी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा आणि आदल्या संध्याकाळी बसवून घ्या. कार्यालयीन लॅपटॉपवर सॉफ्टवेअर बसवण्याची परवानगी नसते, ती आधी मागवायला सांगा. फोल्डरचे नाव देवनागरीत किंवा मोकळ्या जागा सोडून असेल तर काही संगणकांवर मार्ग सापडत नाही, म्हणून नाव साध्या रोमन अक्षरांत ठेवा. सहा ते आठ जणांमागे एक मदतनीस हवाच. एकटा प्रशिक्षक पंचवीस जणांचे लाल अक्षरांतले संदेश सोडवू शकत नाही, आणि ज्याचे अडले तो तिथेच मागे राहतो.

शेवटचे आणि तितकेच महत्त्वाचे : दहा दिवसांनी सोडून देऊ नका. पुढचे तीन महिने आठवड्यातून एक तास ऑनलाइन बैठक ठेवा, फक्त अडचणींसाठी. प्रमाणपत्र दहाव्या दिवशी न देता तिसऱ्या महिन्याच्या शेवटी, स्वतःच्या आकडेवारीवरचा छोटा अहवाल आल्यावर द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी केंद्रावर मासळीच्या नोंदी घेतो. वही मराठीत असते, नंतर एक्सेलमध्ये भरतो. वरिष्ठ म्हणतात की निम्मे आकडे ‘वाचलेच जात नाहीत’. चूक कुठे होत असेल?
– सर्वेक्षक, पालघर जिल्हा

बहुधा अंकांत. देवनागरी अंकांत भरलेली लांबी ‘आर’ मजकूर म्हणून घेतो आणि आकड्यात बदलायला गेले की तिथे ‘एनए’, म्हणजे ‘आकडा नाही’, येतो. वहीत मराठी अंक खुशाल ठेवा, संगणकात मात्र इंग्रजी अंकच भरा. दुसरे कारण एकक. ‘१८ सेंमी’ असे एकाच चौकोनात लिहिले की तोही मजकूर झाला. एकक स्तंभाच्या नावात जाते, चौकोनात फक्त आकडा राहतो.

तारखांचा घोळ जास्त घातक आहे, कारण तो दिसत नाही. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ३ एप्रिल म्हणून भरलेली तारीख मुकाट्याने ४ मार्च होते. १३ तारखेपासूनच्या नोंदी मजकूर म्हणून अडकतात, १२ पर्यंतच्या मात्र बिनबोभाट महिना बदलून आत जातात. दिवस, महिना आणि वर्ष यांचे तीन वेगळे स्तंभ केले की हा प्रश्नच उरत नाही.

एका ओळीत एकच मासा ठेवा. फेरीचा क्रमांक, बंदर, नौकेचा सांकेतिक क्रमांक, जाळ्याचा प्रकार, जातीचा संकेत, लांबीचा प्रकार, लांबी मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये. रंग भरून अर्थ सांगू नका आणि चौकोन जोडू नका. संगणकाला रंग वाचता येत नाही, आणि जोडलेल्या चौकोनातली माहिती फक्त पहिल्या ओळीला चिकटते. पकड शून्य असेल तर ० लिहा, मोजलीच नसेल तर चौकोन रिकामा ठेवा. या दोहोंत गल्लत झाली की पकडीचा दर हमखास चुकतो.

‘लांबीचा प्रकार’ हा स्तंभ कोणी ठेवत नाही, आणि त्याविना बाकी सगळे निरुपयोगी ठरू शकते. बोंबलाची एकूण लांबी घेतात. खोल दुभंगलेल्या आणि टोके तुटलेल्या शेपटीच्या पापलेटसाठी खाचेपर्यंतची लांबी बरी. वाकटीची चाबकासारखी शेपटी बहुतेक वेळा तुटलेलीच असते, म्हणून गुदद्वारापर्यंतची लांबी घेणे सुरक्षित. कोळंबीत डोक्यावरच्या कवचाची. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडीचा किमान आकार ठरवला. त्याच्याशी तुलना करायची तर आदेशात त्या जातीसाठी जी लांबी धरली आहे तीच तुमच्याकडे हवी.

जातीचे स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही ठेवा. आपल्या पापलेटची जुन्या नोंदींत ‘पॅम्पस अर्जेन्टियस’ आणि अलीकडच्या नोंदींत ‘पॅम्पस कॅन्डिडस’ अशी दोन नावे सापडतात. एक संकेत ठरवलेला नसेल तर संगणक त्यांना दोन मासे मानतो.

भरून झाल्यावर एक सोपी तपासणी : वजन भागिले लांबीचा घन. एकाच जातीत हे प्रमाण फारसे बदलत नाही. जी ओळ बाकीच्यांपेक्षा दसपट ते हजारपट वेगळी दिसेल तिथे दशांश चिन्ह हरवलेले असते किंवा सेंमी-मिमीची अदलाबदल झालेली असते. मूळ फाइल मात्र कधीही दुरुस्त करून त्याच नावाने जतन करू नका. दुरुस्ती कोडमध्ये लिहा, म्हणजे काय बदलले आणि का, हे दोन वर्षांनीही कळते.

प्रश्न : प्रबंधासाठी वर्सोव्याला दर दुसऱ्या रविवारी डोल जाळ्यातला बोंबील मोजते. ओळखीची एक नौका आहे, तिच्यावरचे ४०० मासे घेते. मार्गदर्शक म्हणतात, नमुना अपुरा आहे. ४०० थोडे झाले का?
– पदव्युत्तर विद्यार्थिनी, मुंबई

मासे थोडे नाहीत, नौका थोडी आहे.

एका नौकेच्या पकडीतले मासे एकमेकांसारखे असतात. एकाच जागी, एकाच पाण्यात, एकाच आसाच्या, म्हणजे भोकांच्या मापाच्या, जाळ्यात आलेले. हे सारखेपण एका आकड्यात मोजता येते. समजा ते ०.१ आहे, म्हणजे फार नाही. एका गटात जितके मासे, त्यातून एक वजा करून ०.१ ने गुणायचे आणि एक मिळवायचा. ४०० माशांसाठी हे ४०.९ येते. ४०० ला ४०.९ ने भागा : तुमचा नमुना प्रत्यक्षात दहा स्वतंत्र माशांइतकीच माहिती देतो. तेच ४०० मासे दहा नौकांवरून चाळीस-चाळीस घेतले तर भाजक ४.९ होतो आणि नमुना सुमारे ८२ माशांइतका भारी ठरतो. श्रम तेवढेच, माहिती आठपट.

म्हणून दर फेरीला आठ-दहा नौका आणि प्रत्येकीवरून ३० ते ४० मासे. नौका ओळखीने निवडू नका. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था देशाच्या किनाऱ्यावर बहुस्तरीय स्तरित रँडम नमुना पद्धत वापरते. तिच्यात त्या दिवशी १५ पर्यंत नौका आल्या तर सगळ्या पाहतात, २० ते २९ आल्या तर दोनातली एक, ५० किंवा अधिक आल्या तर पाचातली एक. तुमच्या कामालाही हा नियम थोडा सैल करून चालेल, पण पाळी ठरलेली हवी : येणारी दर तिसरी नौका म्हणजे दर तिसरीच, तांडेल (नौकेचा प्रमुख) बोलका असो वा नसो.

दुसरी अडचण रविवारात लपली आहे. डोल जाळे पाण्याच्या ओढीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, आणि भांगात ओढ मंदावली की पकडही बदलते. उधाण ते उधाण हे चक्र सरासरी १४.७७ दिवसांचे. तुमची फेरी १४ दिवसांची. म्हणजे प्रत्येक फेरीला तुम्ही चक्राच्या फक्त पाऊण दिवस मागे सरकता. पहिली फेरी उधाणात पडली असेल तर सहाव्या फेरीपर्यंत, म्हणजे दहा आठवड्यांत, जेमतेम चार दिवसांचा फरक पडतो. पूर्ण चक्र फिरायला एकोणीस फेऱ्या लागतात, आणि त्यात नऊ महिने सरतात. मग आलेखात जो ‘हंगामी बदल’ दिसतो त्यात भरती-ओहोटी किती आणि बोंबलाचे जीवनचक्र किती, हे कोणतेही सॉफ्टवेअर वेगळे करून देऊ शकत नाही. पंचांग घेऊन बसा. महिन्यातून दोन फेऱ्या उधाणात आणि दोन भांगात येतील असे दिवस ठरवा आणि तिथीचा स्तंभ वहीत कायमचा ठेवा.

टोपलीतून मासे मुठीने उचलू नका, हात मोठ्याकडेच जातो. वेगवेगळ्या टोपल्यांतून एकेक ओंजळ घेऊन सगळे एकत्र करा आणि त्या ढिगातला प्रत्येक मासा मोजा, लहान आणि फाटका धरून. बोंबील मऊ असतो, ओढून सरळ केला की लांबतो. फळीवर ठेवून तोंड टेकवायचे, शेपटी ओढायची नाही.

आणि नमुन्याचे वजन घ्याच. नौकेवर ४२० किलो बोंबील असून तुम्ही ६ किलो मोजला तर प्रत्येक मासा ७० माशांच्या जागी उभा आहे. १८–१९ सेंमीच्या गटात २० मासे सापडले असतील तर त्या नौकेच्या पकडीत ते १४०० धरायचे. दुसऱ्या नौकेवर ८० किलो माल आणि तेवढाच ६ किलोचा नमुना असेल तर तिथला गुणक १३.३. हा हिशेब न करता दोन्ही नमुने नुसते मिसळले तर लहान पकडीला मोठ्या पकडीइतकेच वजन मिळते. माल प्रतवार लावलेला असेल तर प्रत्येक प्रतीचा नमुना आणि प्रत्येक प्रतीचे एकूण वजन वेगवेगळे घ्यायचे.

प्रश्न : बारा महिन्यांच्या लांबीच्या आकडेवारीवर एलफॅन चालवले. सकाळी के ०.८ आला, संध्याकाळी तीच फाइल, तोच कोड, के ०.५५. कोणता लिहू?
– संशोधन सहायक, मुंबई

आज तरी दोन्ही नाही.

‘ट्रॉपफिशआर’मधले एलफॅन, म्हणजे महिन्यामहिन्याच्या लांबीवरून वाढ काढणारी पद्धत, उत्तर शोधताना रँडम उड्या मारत जाते. लांबीच्या आकडेवारीत चांगले गुण देणारी शिखरे अनेक असतात, आणि एका खेपेस ते एका शिखरावर थांबते, दुसऱ्या खेपेस दुसऱ्यावर. शिवाय के आणि एल-इन्फिनिटी एकमेकांना तोलतात. सकाळी एल-इन्फिनिटी ३६ आणि संध्याकाळी ४२ आली होती का, ते पाहा. के चा लॉग अधिक एल-इन्फिनिटीच्या लॉगची दुप्पट, हा वाढ-निर्देशांक पहिल्या जोडीसाठी ३.०२ आणि दुसरीसाठी २.९९ येतो. म्हणजे आकडेवारीच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे जवळपास सारखीच आहेत. पुढे मर्त्यता काढताना मात्र के ०.८ आणि ०.५५ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडेल.

आधी शोधाची सीमा बांधा. नमुन्यातला सर्वांत मोठा मासा ३४ सेंमीचा असेल तर ०.९५ ने भागून ३५.८ मिळते. त्याच्या दोन्ही बाजूंना वीस टक्के, म्हणजे सुमारे २८.५ ते ४३, एवढ्यातच शोधू द्या. तो एकटा ३४ सेंमीचा मासा चुकीने मोजलेला नाही ना, हे वहीत पाहून घ्या, कारण सगळी सीमा त्याच्यावर उभी आहे. मग लांबीच्या गटाची रुंदी १, १.५ आणि २ सेंमी अशी बदलून पाहा. यासाठीच मूळ नोंद मिलिमीटरमध्ये हवी. सेंमीत गोल करून लिहिलेली लांबी पुन्हा फोडता येत नाही. सरत्या सरासरीचा आकडा विषम असतो, ५ किंवा ७. सर्वांत लहान पिढीचा उंचवटा जितक्या गटांवर पसरलेला दिसतो साधारण तितका तो ठेवायचा. नुसता सवयीने ५ ठेवू नका.

तारखा खऱ्या भरा. प्रत्येक महिन्याला १५ तारीख टाकण्याची पद्धत आहे, पण नमुना ३ तारखेला घेतला असेल तर वेगाने वाढणाऱ्या लहान माशात बारा दिवसांचा फरक नडतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळातली पोकळी पोकळीच राहू द्या. मे आणि ऑगस्टची सरासरी काढून ती भरणे म्हणजे न घेतलेला नमुना लिहिणे होय.

यानंतर वेगवेगळ्या बीजांकांनी (ज्यावरून रँडम उड्या सुरू होतात त्या आकड्यांनी) किमान वीस वेळा चालवा आणि सगळी उत्तरे एका आलेखावर टिंबांनी मांडा. टिंबे एका जागी जमली तर बरे. दोन थवे झाले तर प्रत्येक थव्याची वाढीची वक्ररेषा लांबीच्या आलेखावर काढून डोळ्यांनी पाहा : ती सलग तीन-चार महिने एकाच पिढीचा उंचवटा धरून चालते, की फेब्रुवारीच्या एका पिढीवरून एप्रिलमध्ये दुसऱ्याच पिढीवर उडी घेते? आपल्या पाण्यातल्या अनेक जातींत वर्षात एकाहून अधिक वेळा पिल्ले येतात, आणि अशी उडी घेतली की के फुगतो. इथे गुणांपेक्षा नजर अधिक विश्वासाची.

शेवटी बूटस्ट्रॅप, पण माशांचा नव्हे, नौकांचा. नौका परत परत निवडून दोनशेवर संच बनवा, प्रत्येकावर पूर्ण गणित चालवा आणि के ची खालची-वरची मर्यादा द्या. मासे सुटे निवडले तर मर्यादा खोटी अरुंद येते. कारण आधीच्या उत्तरातलेच आहे. मर्यादा ०.५ ते ०.९ अशी रुंद आली तर अहवालात तीच लिहा.

प्रश्न : एकाच माशावरचे दोन अहवाल माझ्यासमोर आहेत. वाढीचे आकडे सारखे, एकूण मर्त्यता सारखी, तरी एक म्हणतो मासेमारी ठीक आहे आणि दुसरा म्हणतो अतिरेक झाला. असे कसे?
– मत्स्यव्यवसाय अधिकारी, अलिबाग

नैसर्गिक मर्त्यता, म्हणजे एम, कशी काढली ते शोधा. बहुतेक ठिकाणी मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांचे १९८० चे समीकरण वापरतात : एम चा लॉग = −०.००६६ − ०.२७९ × एल-इन्फिनिटीचा लॉग + ०.६५४३ × के चा लॉग + ०.४६३४ × पाण्याच्या सरासरी तापमानाचा लॉग. लॉग दहाच्या पायाचा, लांबी सेंटिमीटरमध्ये, तापमान सेल्सिअसमध्ये.

एल-इन्फिनिटी ३६ सेंमी, के ०.८, तापमान २८ धरले तर एम १.४७ येतो. कोणी लांबी मिमीत, ३६० अशी भरली तर तो ०.७७ येतो. संगणक तक्रार करत नाही. एकूण मर्त्यता झेड २.९ असेल तर पहिल्या हिशेबात मासेमारीचा वाटा १.४३ आणि एक्सप्लॉयटेशन रेशो, म्हणजे ई (मासेमारीचा वाटा भागिले झेड), ०.४९. दुसऱ्या हिशेबात वाटा २.१३ आणि ई ०.७३. ई ०.५ च्या वर गेला की अतिरेक, या ठोकताळ्याने एकाच माशाचे दोन निकाल लागले.

चूक नसतानाही फरक पडू शकतो. २०१५ मध्ये आलेल्या सुधारित समीकरणात एम = ४.११८ × के चा ०.७३ वा घात × एल-इन्फिनिटीचा −०.३३ वा घात. त्याच माशासाठी ते १.०७ देते आणि ई ०.६३ वर जातो. म्हणून कोणत्याही अहवालात एम चा एकच आकडा पाहून समाधान मानू नका. दोन-तीन पद्धतींचे एम, त्या प्रत्येकाचा ई आणि वापरलेली एकके मागवा. बंदीचा कालावधी किंवा जाळ्याचा आस यांसारखा निर्णय त्यावर उभा राहणार असेल तर हे मागणे तुमचा अधिकार आहे.

लांबी-वजनाच्या समीकरणातही हाच सापळा. घातांक ३ च्या आसपास असताना लांबी सेंमीऐवजी मिमीत घेतली की गुणक हजारपट लहान होतो. दुसऱ्याच्या प्रबंधातला गुणक उचलताना एकक न पाहिल्यास किलोचे टन होतात. लॉग घेऊन बसवलेल्या समीकरणातून वजन परत काढताना सुधारणा गुणकही लावा. नैसर्गिक लॉगमध्ये उरलेला विखुरलेपणा ०.१ असेल तर फरक अर्धा टक्का, दुर्लक्ष करण्याजोगा, ०.३ असेल तर साडेचार टक्क्यांच्या वर, आणि तोही नेहमी एकाच दिशेने कमी.

प्रश्न : सातपाटीच्या गिलनेटमधल्या पापलेटवर कॅच कर्व्ह काढला. मर्त्यता फार जास्त दिसते. घाबरण्यासारखे आहे का?
– संशोधक विद्यार्थी, पालघर

या आकडेवारीवरून सांगता येणार नाही. कॅच कर्व्हमध्ये, म्हणजे पकडीतल्या माशांची संख्या लांबीवरून काढलेल्या वयानुसार मांडणाऱ्या आलेखात, शिखरानंतर मासे कमी होत जातात ते मेल्यामुळे, असे गृहीत असते. गिलनेटच्या आसात ठरावीक जाडीचाच मासा अडकतो, त्याहून मोठा आसात शिरतच नाही. तुमच्या आलेखाची उतरती बाजू बरीचशी जाळ्याने केलेली आहे, मृत्यूने नव्हे. लांबीवरून साठ्याची उरलेली प्रजननक्षमता अंदाजणारी ‘एलबीएसपीआर’ पद्धतही याच कारणाने इथे थेट लागू होत नाही. एकाच वेळी, एकाच क्षेत्रात दोन-तीन वेगवेगळ्या आसांच्या जाळ्यांची पकड वेगवेगळी मोजा, त्यांच्या गुणोत्तरातून आधी जाळ्याची निवड काढा (‘ट्रॉपफिशआर’मध्ये त्याची सोय आहे), लांबीची वारंवारिता त्या निवडीने दुरुस्त करा, आणि मगच कॅच कर्व्हकडे वळा.

प्रश्न : ससून डॉकच्या ट्रॉलरांची वाकटीची प्रतिफेरी पकड वाढली आहे. साठा सुधारला असे म्हणता येईल?
– अध्यापक, मुंबई

फेरी किती लांबली ते आधी पाहा. पूर्वी प्रत्यक्ष जाळे ओढण्याचे पाच दिवस, रोज चार ओढी, प्रत्येकी तीन तास : ६० तासांत ३०० किलो, म्हणजे तासाला ५ किलो. आता तेच दहा दिवस : १२० तासांत ४२० किलो, तासाला ३.५. प्रतिफेरी पकड चाळीस टक्के वाढली आणि तासाचा दर तीस टक्के घसरला.

तासाचा दर काढूनही काम संपत नाही. इंजिनाची अश्वशक्ती, खोली, महिना आणि क्षेत्र यांचा परिणाम वेगळा काढावा लागतो. त्यासाठी जीएलएम, म्हणजे अनेक घटकांचे परिणाम एकत्र मोजणारे सांख्यिकी मॉडेल, वापरा. वर्ष, महिना, अश्वशक्तीचा गट आणि खोलीचा पट्टा हे घटक घ्या आणि ओढीच्या तासांचा लॉग ऑफसेट, म्हणजे गुणक १ ठरलेला घटक, म्हणून द्या. शून्य पकडीच्या ओढी टाकून देऊ नका. त्यांत १ मिळवून लॉग घेण्याची सवयही सोडा, कारण तो १ किलो आहे की १ टन यावर तुमचा कल बदलतो. आधी ‘मिळाली की नाही’ आणि मग ‘मिळाली तर किती’ असे दोन टप्प्यांचे मॉडेल, किंवा शून्ये आणि त्याहून मोठे आकडे एकत्र सामावणारे ट्वीडी वितरण, यांपैकी एक घ्या. मॉडेल बसल्यावर उरलेल्या चुकांचा आलेख वर्षानुसार आणि क्षेत्रानुसार पाहा. एखाद्या क्षेत्रात त्या सतत एकाच बाजूला असतील तर त्या क्षेत्राचा कल वेगळा आहे आणि एकच निर्देशांक सगळ्यांना लावणे चूक ठरेल.

प्रश्न : आमच्याकडे पर्ससीनची, म्हणजे थव्याभोवती टाकायच्या जाळ्याची, तारली आणि बांगडा. ट्रॉलरांसाठी सांगितलेली पकडीच्या दराची पद्धत चालेल का?
– मत्स्यशास्त्रज्ञ, पणजी

चालणार नाही. तारली थव्याने राहते. साठा निम्मा झाला तरी उरलेले मासे दाट थवेच करतात, आणि थवा सापडला की जाळे भरते. पकडीचा दर टिकून राहतो आणि साठा खाली जात असतो. पर्ससीनसाठी जाळे टाकण्याची संख्या नव्हे, थवा शोधण्यात गेलेला वेळ मोजायला हवा. नौका बंदर सोडून निघाल्यापासून पहिले जाळे पडेपर्यंतचे तास, जाळे न टाकता परतलेल्या फेऱ्या, आणि सोनार आहे की नाही, हे तीन स्तंभ आजपासून सुरू करा. रिकाम्या परतलेल्या फेऱ्या बंदरावरच्या नोंदीत येतच नाहीत, त्या तांडेलाला विचारूनच मिळतात.

प्रश्न : ‘आर’ शिकू, पायथॉन की फिसॅट हे जुने सॉफ्टवेअरच पुरे?
– विद्यार्थी, रत्नागिरी

‘आर’. मत्स्यसाठ्याच्या पद्धतींची तयार आणि तपासलेली पॅकेजे तिथे सर्वाधिक आहेत. पायथॉन उपग्रहाचे तापमान, हरितद्रव्य किंवा छायाचित्रांवर काम करायचे असेल तर घ्या. फिसॅटने एका पिढीला लांबीवरचे विश्लेषण शिकवले, त्याबद्दल आदर आहे. पण त्यात कोणती बटणे दाबली याची नोंद उरत नाही, आणि तेच गणित दुसऱ्याला जसेच्या तसे करून पाहता येत नाही. जुना प्रबंध समजून घ्यायला ते उघडा, नवा त्यावर लिहू नका.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कोड लिहून घेतला तर चालेल का?
– संशोधक, पुणे

लिहून घ्या, पण त्याला आधी कृत्रिम साठ्यावर चालवा. के ०.८ घालून बनवलेल्या संचातून के ०.८ च्या जवळ उत्तर येत नसेल तर तो कोड कितीही सुबक असला तरी उपयोगाचा नाही. लांबीचे एकक, लॉगचा पाया आणि रिकाम्या चौकोनांचे काय केले, या तीन ओळी स्वतः वाचा. चुका बहुतेक तिथेच असतात आणि त्या चुकांनी कोड थांबत नाही. कार्यालयाची अप्रकाशित आकडेवारी आणि नौकांचे नोंदणी क्रमांक बाहेरच्या सेवेत टाकू नका. स्तंभांची नावे आणि चार-पाच बनावट ओळी दिल्या तरी कोड लिहायला तेवढे पुरते.